देवाला न चालणारं फूल

आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीत उजाडायच्या आत फूल तोडून घ्यावं, नाहीतर ते शेजारच्या मावशींच्या परडीत जातं. जास्वंद असो की कण्हेर, झाड कोणाचं हे त्या विचारत नाहीत. "देवाचंच आहे नं भाऊ," म्हणतात आणि परडी पदराखाली घेतात.

म्हणूनच बायकोनं हट्टानं पॉपी लावली, दरवर्षी त्याच मुळांतून फुटणारं विलायती फुलझाड, काळपट जांभळ्या फुलांचं. मावशींनी नाक मुरडलं. "असं काळं फूल देवाले चालते का?" तेवढा एक वाफा वाचला.

उन्हाळ्यात बायकोच्या उपचारांसाठी आम्ही नागपूरला राहिलो. पॉपीची पानं उन्हाळ्यात वाळतातच, पण जमिनीतली मुळं जपावी लागतात. परतलो तेव्हा वाफ्यावर संत्र्याची रिकामी पेटी उलटी घातलेली होती, वर ओलं पोतं. मावशी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "पाहता काय? मेलं नाही ते. झोपून राहिलं."

माघात पहिलं फूल उमललं आणि दुसऱ्या सकाळी नुसता देठ उरला. त्याच दिवशी आम्ही पुन्हा तपासणीला निघालो होतो. मी तणतणत मावशींच्या दारात गेलो. देव्हाऱ्यात, पिवळ्या शेवंतीच्या मधोमध, ते काळं फूल होतं.

"देवाले चालत नव्हतं नं?"

"आज चालन त्याले," मावशी खेकसल्या. "कोनासाठी मागून राहिली मी, हे त्याले कळाले नको का?"

निघण्याआधी मी उरलेल्या कळ्या वाकवून मावशींच्या भिंतीकडे बांधल्या.