आमच्या साडूंची कंपनी

नीट चालणाऱ्या वस्तूचा आमच्या साडूंना जेवढा संशय येतो, तेवढा पोलिसांना अट्टल चोराचाही येत नसेल. पंखा फिरतोय, नळ बंद होतोय, कडी लागतेय हे पाहून तुम्हाआम्हाला बरं वाटतं. साडूंच्या कपाळाला आठी पडते. माझ्या मेव्हणीला बघायला ते पहिल्यांदा आले तेव्हा दारावरची घंटा त्यांनी लागोपाठ अकरा वेळा वाजवली. बाराव्या वेळी ती जळाली. सासरे धावत बाहेर आले, तर हे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बटन कच्चं हाय. लग्नाचे पाहुणे आले तर टिकायचं नाय." अशा माणसाला मुलगी कशी दिली हे कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. पुढे मेव्हणीच म्हणाली, "बाकीचे तिघं आले ते पोहे छान, पडदे छान म्हणून गेले. हा एकटा खरं बोलला." लिफ्टमध्ये शिरले की ते सगळ्या मजल्यांची बटणं दाबतात. माझ्या नव्या स्कूटरचा हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक त्यांनी एकदम दाबून पाहिला आणि मागे बसलेल्या मला पेपरवाल्याच्या सायकलवर घातलं. मी गुडघा धरून बसलो होतो. हे माझ्यापेक्षा ब्रेककडे जास्त काळजीने बघत होते.

त्यांचं मूळ सोयगावकडच्या एका वस्तीवरचं. वडिलांची मेंढरं होती. संध्याकाळी कळप परतला की वडील मोजत नसत. नुसती नजर फिरवत आणि कोणतं आलं नाही ते सांगत. तीच नजर घेऊन साडू डिप्लोमा झाले आणि वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीला लागले. तिथे त्यांनी इतका माल परत पाठवला की साहेबांनी त्यांना मालापासून लांब, कॉम्प्युटरवर नोंदी करायला बसवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाही नाही ती बटणं दाबून तो प्रोग्रॅमच बंद पाडला. दुरुस्तीला पुण्याहून आलेला इंजिनिअर कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, आमच्याकडे हेच करायचा पगार देतात!" या एका वाक्यावर साडूंनी चार वर्षं सुट्टीच्या दिवशी क्लास केले, नोकरी सोडली आणि एका रविवारी गारखेड्याला माझ्या घरी येऊन म्हणाले, "साडूभाऊ, तुमची वरची खोली रिकामीच हाय ना?"

वरची खोली मी ग्रंथ लिहिण्यासाठी ठेवली होती. मी कॉलेजात मराठी शिकवतो. ग्रंथ लिहून झाला नव्हता, सुरूही झाला नव्हता, पण म्हणून खोली रिकामी आहे असं कुणी म्हणावं हे मला लागलं. तरी मी हो म्हणालो, कारण बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

अशी ती कंपनी सुरू झाली: साडू, दोन मुली आणि टेबलभर जुने फोन. काम असं की, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली ॲप्स बाजारात येण्याआधी यांनी ती नाना तऱ्हेने चालवून बघायची आणि कुठे मोडतात ते कळवायचं. हळूहळू टेबलावरचे फोन कमी झाले. कुठेतरी लांबच्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर शेकडो तऱ्हेचे फोन हवे तसे मिळतात आणि आपण इथे बसून ते चालवायचे, याला क्लाउड म्हणतात, असं साडूंनी मला समजावलं. ती ओळीने दुष्काळाची वर्षं होती. क्लाउड म्हटल्यावर घरी येणारा प्रत्येक पाहुणा ढगांवर विनोद करी. साडूंनी दारावर कागदच लावला: 'ढगावर विनोद करणाऱ्याने टँकरवरून दोन कॅन वर आणावेत.' पहिले दोन कॅन मीच वाहिले.

विनोद सोडा, पाण्याचंच खरं संकट होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि वर माणसं तिनाची सात झाली, साताची चौदा. मी साबण लावून उभा असायचो आणि टाकी संपायची. मी ओरडलो की वरून साडू विचारत, "किती वाजता संपली? नेमकी वेळ सांगा." आणि ते ती लिहून घेत! बायको शेजाऱ्यांकडून बादल्या आणी, त्या चौदाजणांना चहा करी, आणि मी काही बोललो की म्हणे, "पोरं गावाकडून आलीत. तिकडं तर तेवढंही नाही."

मलाही त्यांनी कामाला लावलं. दर दोन-तीन दिवसांनी नवं ॲप माझ्या हाती येई. "साडूभाऊ, जरा दाबा."

"काय दाबू?"

"तुम्हाला काय वाटंल ते. तुमच्यासारखं चुकीचं दाबणारं माणूस इकडं दुसरं नाय."

हे ते मनापासून, कौतुकाने म्हणत. बावीस वर्षं अध्यापन केलेल्या माणसाने यावर काय बोलावं?

मग पुण्याच्या एका कंपनीचं मोठं काम आलं. दवाखान्यांसाठी ॲप होतं. नर्सने बाळाचं वजन टाकायचं, ॲप औषधाचं प्रमाण सांगणार. याच कामाच्या भरवशावर साडूंनी सहा नवी माणसं घेतली होती. महिनाभर तपासून सगळं ठीक निघालं, म्हणून साडू बेचैन. शेवटच्या दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. माझा कीबोर्ड मराठी, त्यामुळे मी त्यांच्याही फोनवर आधी मराठी लावून घेतलं. समजा, चार किलोचं बाळ म्हणून मी '४' टाकला. ॲपने औषध सांगितलं. साडूंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मराठी आकडा ॲपला कळलाच नव्हता. त्याने गुपचूप आधीच्या, चौदा किलोच्या मुलाचं वजन धरलं होतं.

पुण्याचा साहेब फोनवर हसला. "अहो, नर्स इंग्रजीतच आकडे टाकतात. पुढच्या सोमवारी उद्घाटनाचा कार्यक्रम आहे, पाहुणे ठरलेत. आत्ता सगळं ठीक म्हणून लिहून द्या, हे नंतर बघू."

साडू फोन ठेवून थेट एसटीने सोयगावकडे गेले. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्याच फोनवर त्यांनी ते ॲप घातलं आणि वजन टाकायला सांगितलं. बाईंनी विचार न करता मराठी आकडा टाकला. दुसऱ्या दिवशी साडूंनी वरून स्पीकरवर पुण्याला फोन लावला. मी पायरीवर उभा होतो.

"साहेब, बाईंनी मराठीतच टाकलं."

"एका बाईसाठी कार्यक्रम थांबवू?"

"बाईसाठी नाय, लेकरासाठी. मी ठीक हाय म्हणून लिहून देनार नाय."

"मग हे काम तुमच्याकडे राहणार नाही."

"व्हय. नका ठेवू."

काम गेलं. महिन्याभरात वरची बरीच माणसं पुण्याला गेली. मेव्हणी आमच्याकडे येऊन रडली. मीही साडूंना नको ते बोललो; एक ओळ लिहून द्यायला काय हरकत होती, असंही बोललो. ते म्हणाले, "साडूभाऊ, ते तुम्हीच शोधलंय."

दोन महिन्यांनी त्याच साहेबाचा फोन आला. एका तालुक्याच्या दवाखान्यात तेच घडलं होतं. नर्स जुनीजाणती, औषधाचा आकडा बघून तिने हात थांबवला आणि बाळ वाचलं. साहेब या वेळी हसला नाही. "तुम्ही परत याल का?" एवढंच त्याने विचारलं. साडू उठून गच्चीवर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. बायकोने वर चहा नेला, तो तसाच निवला.

साडूंनी ते काम परत घेतलं. त्या साहेबानेच मग ही हकिकत दहा ठिकाणी सांगितली आणि कामाची रीघ लागली. खोली पुरेना, गच्चीवर पत्रे टाकले, तेही पुरेनात. शेवटी जालना रोडला नव्याने उठलेल्या काचेच्या इमारतीत दोन मजले घेऊन कंपनी निघून गेली. त्या पावसाळ्यात पाणीही बरं झालं. टाकी भरलेली, घर शांत. मी वर टेबल मांडलं, ग्रंथाचं पहिलं पान लिहायला घेतलं आणि आठ दिवस नुसता बसून राहिलो.

परवा मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्या ऑफिसात गेलो. दारातल्या मुलीने विचारलं, "सर, अपॉइंटमेंट आहे?" नातं सांगितलं तेव्हा आत सोडलं. साडू मोठ्या टेबलामागे होते, केस पिकलेले. त्यांनी पत्रिका नीट वाचली, तारीख फोनमध्ये टाकली. एक मुलगा डोकावून म्हणाला, "सर, मीटिंग." ते म्हणाले, "पाच मिनिटं."

पाचाची वीस झाली. काचेबाहेर अजून एक इमारत चढत होती, आम्ही दोघे ती बघत बसलो. ते मला खालपर्यंत सोडायला आले.

"पुढच्या रविवारी येतो," ते म्हणाले. "वर जरा बसू."

त्यांना आता रविवारही नसतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"या," मी म्हणालो. "वाट बघतो."