पाणी तोडलेला गडी

हल्ली पोरं येतात आणि विचारतात, काका, ताकदीचा कोच व्हायला काय शिकावं लागतं? मी म्हणतो, भ्यायला शिका. त्यांना वाटतं म्हातारा चेष्टा करून राहिला. चेष्टा नाही. गड्याच्या गुडघ्याला भ्यायचं, कमरेला भ्यायचं, छातीला भ्यायचं. वजन उचलायला तर पैलवान आपसूक शिकतो. कुठं खाली ठेवायचं ते सांगायला कोच लागतो, आणि जो भीत नाही त्याला ते दिसत नाही.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढं चाकूरकडच्या तालमीत वाढलो, मग लातूरला आलो. कुस्ती संपल्यावर पोरांची मेहनत घेत होतो, तिथून एका कबड्डीच्या संघानं मला उचललं. पगारी गड्यांचा संघ, टीव्हीवर दिसणारा. लोखंडी वजनाचे प्रकार मी केस पिकल्यावर शिकलो, आणि शिकवणाऱ्यांनी चांगले शिकवले. पण भीती मी घरात शिकलो, बायकोच्या उशाशी.

तिची किडनी गेली होती. डायलिसिसवर होती तोवर डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं, त्यावर एक घोट नाही. ते पाणी देणारा मी. ती म्हणायची, "अवो, पैलवानाला तांब्याच्या तांब्या पाजता, मला घोटभर द्यायला हात आखडतो व्हय?" मी म्हणायचो, न्हाई. मग ती बर्फाचा तुकडा मागायची. तो गालात धरून बसायची आणि लवकर विरघळू नये म्हणून बोलायची नाही. माघात ती गेली. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे अजून तसाच आहे. मी त्याला हात लावत नाही.

चैत्रात संघाचं शिबिर लातूरलाच, आमच्या तालमीच्या आवारात लागलं. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून गेलो.

त्यात लोह्याकडचा एक चढाईचा गडी होता. अंगानं दांडगा, पायानं हलका. संघात त्याची जागा पक्की होती, फक्त वजनाच्या हद्दीत बसायला पाहिजे. मधे बहिणीच्या लग्नाला गावाकडं गेला आणि वजन वाढवून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा होता. हद्दीच्या वर भरला तर जागा दुसऱ्याला.

मॅनेजर पुण्याकडचा. तोंडानं तिखट, मनानं वाईट नाही. काट्याकडं बघून म्हणाला, "काय हो, लोह्याची लग्नं फार गोड असतात वाटतं?"

गडी मान खाली घालून म्हणाला, "उद्या उतरतो, साहेब."

"उतर. नाही उतरलास तर दुसरा उभा आहे."

एका रात्रीत वजन कसं उतरतं ते आमच्या लायनीत सगळ्यांना माहीत आहे. पाणी तोडायचं. म्हणजे प्यायचं बंद करायचं आणि अंगातलं घामावाटे काढायचं. प्लास्टिकचं जाकीट घालून पळायचं, तोंडातली थुंकीसुद्धा गिळायची नाही. पैलवान पिढ्यान् पिढ्या हे करत आले. बरेच वाचले म्हणून सगळ्यांना वाटतं की यात काही होत नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. "लेका, पाणी तोडायचं न्हाई. जागा गेली तर जाऊ दे."

तो हसला. ओठ आधीच पांढरे पडले होते. म्हणजे सकाळपासूनच तोडलं होतं. "वस्ताद, काकू गेल्यापासून तुमी लई भिऊन राहिले. मला काय होतंय? फक्त एक बर्फाचा खडा द्या की. गालात धरतो."

मी तांब्या भरून आणला, त्याच्या हातात दिला आणि म्हणलं, "माझ्यासमोर पी." त्यानं तोंडात घेतलं, मान हलवली, आणि मी वळल्यावर दारातल्या तुळशीच्या कुंडीत थुंकलं असणार. कारण दुपारी कुंडी ओली होती आणि गडी खोलीत नव्हता.

खोलीतल्या सोबत्याला विचारलं तर तो पंख्याकडं बघायला लागला.

"कुठं हाय?"

"झोपलाय, वस्ताद."

"कुठं झोपलाय?"

"तालमीत. मातीत."

हे तालमीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद मुरवलेली असते. मेहनत झाली की पैलवान मातीत आडवा होतो आणि गळ्यापर्यंत माती ओढून घेतो. अंगातला शीण आणि घाम माती ओढते. पहाटेच्या गारव्यात त्यासारखं सुख नाही. पण ही चैत्रातली दुपार, वर पत्र्याचं छप्पर, आणि या शहाण्यानं आत प्लास्टिकचं जाकीट घालून वर माती ओढली होती. उरलेला घाम काढायला. सोबत्यानंच फावड्यानं ओढून दिली होती.

मी धावलो, सोबती मागनं. या वयात धावणं म्हणजे काय ते सोडा. आत अंधारात नुसतं तोंड दिसत होतं, मातीतून वर आलेलं. डोळे उघडे. मी कपाळावर हात ठेवला. कोरडं. उन्हातल्या पत्र्यासारखं तापलेलं आणि ठणठणीत कोरडं. घामानं निथळणारा गडी बघून मी कधी भ्यालो नाही. घाम थांबलेला गडी मी पहिल्यांदा बघितला.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मामा, लोह्याची गाडी गेली का?"

मी दोन्ही हातांनी माती उपसली. सोबत्याला ओरडलो, "पळ, फिजिओबाईला आण. आन् रसवंतीवरून बर्फाची लादी आण. मागं बघू नको." जाकीट दातानं फाडलं. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, लाकडासारखे. कोनाड्यात तेलाची बाटली होती. गोळा आला की तेल लावून रगडायचं हे माझ्या हातात बसलेलं आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. मी रगडायला बसलो आणि तोंडानं नुसतं "उठ रे, उठ रे" चाललं होतं.

संघाच्या फिजिओबाई नांदेडच्या. वयानं माझ्या नातीएवढ्या. दारातूनच ओरडल्या, "चाचा, तेल ठेवा बाजूला! अंग थंड करा, अंग! पाणी ओता."

मी तांब्या त्याच्या तोंडाकडं नेला.

"तोंडात न्हाई, चाचा! शुद्ध न्हाई त्याला, ठसका लागंल. अंगावर ओता."

मी ओतत राहिलो. हौदातून बादल्या भरून ओतत राहिलो. बर्फ आला, तो त्यांनी पोत्यात फोडून गड्याच्या काखेत, मानेला, जांघेत लावला. एवढा बर्फ. माझ्या घरी एकेका तुकड्यासाठी हिशेब होता आणि इथं मातीत पसरला होता. मॅनेजर मागून आला. त्याचा चेहरा पडला होता. "काका, वाचेल ना? काट्याचं मग..."

"काटा घाल चुलीत," मी म्हणलं. "जीप काढ."

तोही पळाला. तोही भ्यालाच होता. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ताप उतरला. गडी शुद्धीवर आला, त्यानं मला वस्ताद म्हणलं. मला वाटलं सुटलो. पण पिशवीत लघवी उतरली ती कोऱ्या चहासारखी. डॉक्टर म्हणाले, मांस आतून मोडलंय, त्याचा भार किडनीवर पडलाय, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, उद्या परत बघू.

तो शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौथी शिकलेल्या माणसाला बायकोच्या रिपोर्टांतला तेवढा एक शब्द पाठ आहे. मी बाकावर बसलो. पोरगं पंचविशीचं नाही. त्याला पुढं आयुष्यभर कुणी पाणी मोजून देणार का, एवढंच डोक्यात.

फिजिओबाईंनी कागदी कपात चहा आणला, दुधाचा नव्हता. "घ्या चाचा."

"बेटी, नको. मला त्या पिशवीसारखा दिसून राहिला."

त्या हसल्या, मग त्यांचे डोळे भरले, मग त्यांनी दोन्ही चहा मोरीत ओतले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी तिकडं काटा झाला. जागा दुसऱ्याला गेली. इकडं क्रिएटिनिनचा सकाळचा आकडा होता तिथंच होता. दुपारचा मात्र खाली आला. डॉक्टर म्हणाले, "उतरतंय. आता सलाईनबरोबर तोंडानंही पाणी पाजा."

मी विचारलं, "किती?"

"जाईल तेवढं."

"मोजून?"

"पाणी मोजू नका, आजोबा. पाजत राहा. लघवी आम्ही मोजू."

मी त्यांना परत एकदा विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

गड्याला मी भिंतीला टेकवून बसवलं. तो रडत होता. "वस्ताद, जागा गेली."

"गेली."

"तुमी साहेबाला म्हणले असते तर माझा काटा एक दिवस पुढं ढकलला असता."

"म्हणलं असतं तर तू एक दिवस आजून पाणी तोडलं असतं."

मी पेला भरला. तो प्याला. परत भरला. त्याच्या गळ्यातून घोट उतरताना मी बघत होतो, जसं काही तिथंच अडकणार होतं. अजूनही कुणी गडी ओठ चाटायला लागला की मी आधी तांब्या भरतो.

"बास की वस्ताद, पोटात कळशी वाजून राहिली."

"वाजू दे. पी."

त्यानं अजून एक पेला संपवला आणि पुढं केला. "यात बर्फ हाय का थोडा? कोमट लागतंय."

"बर्फ न्हाई," मी म्हणलं. "साधं पी."