हुस्नाबानोच्या बाजेवरची जाकिटं

पडदा वर जातो तेव्हा आधी ऊन दिसतं. मंगरूळपीरचं एप्रिलचं ऊन, सकाळीच डोळे बारीक करायला लावणारं. दर्ग्याकडे जाणारी गल्ली. गल्लीच्या तोंडाशी तौकीरचं गाद्यांचं दुकान. दारात छिटाच्या रजया टांगलेल्या, आत कापूस पिंजायचं मशीन घरघरतंय. आणि मागच्या परसात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड, एक काटकुळी बाई उभी आहे. तिचे कान दुकानाकडे लागलेले आहेत. हीच हुस्नाबानो. लोकांची धुणी धुऊन, इस्त्री करून पोट भरणारी, तौकीरची थोरली भावजय.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं, रहीमचं. पिंजाऱ्याचं घर ते. रहीम कापूस पिंजायचा आणि हुस्नाबानो गादीला टाके घालायची. पोरीच्या लग्नात गादी द्यावी तर तिच्याच हातची, अशी आसपासच्या गावांत रीत पडली होती. रहीम दम्यानं गेला आणि धाकट्या तौकीरला दुकान एकट्याचं हवंसं झालं. त्यानं भांडण काढलं नाही. गिऱ्हाईक आलं की ओट्यावर बसून गोड आवाजात एवढंच म्हणायचा, "लग्नाची गादी हाये ना? मंग बेवेच्या, नवरा गेलेल्या बाईच्या हातची कायले नेता? तिचा हात लागला की कापूस गोळे धरते."

लग्नघराला एवढं पुरतं. पहिल्या हंगामात निम्मं गिऱ्हाईक तुटलं, दुसऱ्यात तिची सुई बंद पडली, आणि ती परसात आली. तेव्हापासून तिला एकच हवं होतं. ज्या ओट्यावरून ते बोलणं गेलं, त्याच ओट्यावर बसून तौकीरनं ते परत घ्यावं, मोठ्यानं, चार माणसांत. शेजारची मंजू कधी म्हणायची, "सोड ना भाभी आता, दीर हाये तो."

"सोडतो ना," हुस्नाबानो म्हणायची. "त्याचं नाक एकदा हाती येऊ दे, मंग सोडतो."

तर त्या सकाळी धनजजवळच्या तांड्यावरचा राजपाल पाठीवर मोठं पोतं घेऊन दुकानात आला. त्याची टोळी दर उन्हाळ्यात वर लडाखला रस्त्याच्या कामाला जाते. पोत्यात टोळीची जाकिटं होती, फुगीर, आत बदकाची मऊ पिसं भरलेली. डांबर, धूर, घाम, सगळं त्यांत मुरलेलं.

"धुऊन पायजेत," राजपाल म्हणाला. "पुढच्या आठवड्यात निघून राह्यलो आमी. वर यांच्याबिगर रात निघत नाई."

"भरलेल्या मालात आमची हयात गेली," तौकीर म्हणाला. "ठेव आन बिनघोर जाय."

कपड्यांच्या आड हुस्नाबानो हसली. असलं जाकीट तिला ठाऊक होतं. रहीमच्या शेवटच्या हिवाळ्यात तिनं वाशीमच्या बाजारातून, जुन्या कपड्यांच्या हातगाडीवरून, त्याच्यासाठी एक आणलं होतं. पहिल्या धुण्यात तिनं ते बिघडवलं. आत सगळे गोळे झाले. मग तो खोकत बाजेवर पडलेला असायचा आणि ती शेजारी उन्हात बसून, कापडाच्या वरूनच एकेक गोळा बोटांनी कुस्करून मोकळा करायची. रहीम म्हणायचा, "माह्या छातीतलाही एखादा गोळा फोड ना." ते जाकीट शेवटी पुन्हा फुगलं. रहीम मात्र राहिला नाही.

म्हणजे तौकीर काय करणार हे तिला दिसत होतं. त्यानं जाकिटं सोड्याच्या गरम पाण्यात टाकली, दगडावर धोपटली, दोन्ही हातांनी पिळली आणि खांद्यांना धरून दोरीवर टांगली. ती चार हातांवर इस्त्री करत होती. एक शब्द बोलली असती तर जाकिटं वाचली असती. तिनं इस्त्रीत नवे कोळसे घातले.

दुसऱ्या दिवशी जाकिटांना ओल्या कोंबड्यांचा वास सुटला. पाठीला नुसतं कापड लोंबत होतं आणि खाली मुठीएवढे गोळे लटकत होते. तौकीरनं मग तेच केलं जे पिंजाऱ्याचा कोणीही पोर करेल. गोळा झाला की पिंजायचा, हे त्यांच्या रक्तातच. त्यानं एका जाकिटाची शिवण उसवली आणि आतला माल कापसाच्या मशीनमध्ये घातला.

ओली पिसं आधी चिकटली, मग सुकली, आणि मग मशीननं ती दारातून बाहेर फेकली. गल्लीत पांढरं वादळ उठलं. चहाच्या कपांत पिसं, मौलवीसाहेबांच्या दाढीत पिसं, बोकडाच्या शिंगांवर पिसं. लोकांनी मोबाईल काढले. तौकीर हात पसरून पिसं धरू पाहत होता आणि पिसं त्याच्या बोटांतून दर्ग्याकडे निघाली होती. पानवाला ओरडला, "तौकीरभाई, बदक पयालं का?"

नेमका तेव्हाच राजपाल चौकशीला आला. तो हसला नाही. "एक गेलं त गेलं," तो म्हणाला. "बाकीचे पहिल्यासारखे करून दे. नाई त वर मानसं मरतील, आन त्याचं पाप तुह्यावर."

संध्याकाळी तौकीर परसात आला, मान खाली घालून.

"भाभी, तुमी भाईचं जाकीट नीट केलं होतं ना. जरा पाहता का? घरातली गोष्ट घरातच राहील."

"घरातली गोष्ट तू ओट्यावर नेली होती," हुस्नाबानो म्हणाली. "मी पन ओट्यावरच पाहीन. सकाळी माही बाज दुकानासमोर टाक. आन हाताखाली तू बसशील."

"मी? लोक पाहतील ना."

"म्हनून त सांगून राह्यली."

सकाळी बाज दुकानासमोर पडली. तिनं तौकीरकडून प्रत्येक जाकीट सौम्य शांपूच्या थंड पाण्यात पुन्हा धुऊन घेतलं, फेस पूर्ण जाईपर्यंत खंगाळून घेतलं. पिळायचं नाही, तळव्यांनी दाबायचं. उचलायचं ते दोन्ही हातांवर, तान्ह्या लेकरासारखं. बाजेच्या विणीतून खालूनही हवा लागते, म्हणून आडवं तिथेच टाकायचं. तौकीर उन्हात उकिडवा बसून गोळे कुस्करत होता आणि ती स्टुलावर सावलीत बसून सांगत होती. "काखेत पाह्य. बदक तिथीसाच दडून बसलं." गल्ली हसत होती. हुस्नाबानोला ते हसू सरबतासारखं लागत होतं, लपवायचं कशाला.

अर्धी सुकलेली जाकिटं चिंध्यांच्या गच्च चेंडूंसोबत चादरीत घालायची, चादरीचं एक टोक तौकीरच्या हाती, दुसरं मंजूच्या, आणि झुलवायचं. चेंडू आत आपटत आणि पिसं सुटी होत. दोन दिवसांत जाकिटं फुगू लागली. वास पुरता जाईपर्यंत मात्र तिनं एकही बाजेवरून उठू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ललिताबाई आल्या. थोरल्या लेकीच्या लग्नात यांनीच तौकीरचं ऐकून हुस्नाबानोची गादी परत पाठवली होती. आता धाकटीचं लग्न होतं. त्या बाजेपाशी थबकल्या.

हुस्नाबानो उभी राहिली. "तौकीर, ओट्यावर बस. आन त्यांले सांग."

चादर त्याच्या हातातच राहिली. पानवाल्यानं रेडिओ बंद केला. तौकीर ओट्यावर बसला. चादरीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाला, "भाभीच्या हातानं गोळे धरतात म्हनलो होतो मी."

"मोठ्यानं."

"खोटं बोललो होतो. दुकानासाठी बोललो होतो. तिच्यासारखी गादी आमच्या घरात कोनालेच जमत नाई."

ललिताबाईंनी पदर सारखा केला. हुस्नाबानोकडे न बघता म्हणाल्या, "मंग धाकटीची गादी तुमच्याकडंच देतो मी, भाभी."

"द्या. पन थोरलीची परत धाडली होती, ध्यानात हाये माह्या," हुस्नाबानो म्हणाली.

दुपारी राजपाल येऊन वाळलेली जाकिटं घेऊन गेला. शेवटची दोन तेवढी बाजेवर होती. तौकीरनं कपाळाचा घाम पुसला. चेहरा तांबडालाल झाला होता. "झालं ना भाभी आता? निवला ना जीव?"

हुस्नाबानोनं दोन्ही जाकिटांना नाक लावून पाहिलं, उलटी केली आणि म्हणाली, "नाई निवला. उद्या पुन्हा येजो, आन टोपी घालून येजो. तुले ऊन लागलं त मंग मी राग कोनावर काढू?"