बापूच्या विमानाला दिलेला शब्द

शेवटचा भेटला तेव्हा बापू खाटेवर रिमोट उघडून बसला होता. बापू म्हणजे माझा धाकटा भाऊ. पुरुषोत्तमनगरला कारखान्यात वायरमन होता. रिमोटवर उडणारी विमानं स्वतः बांधायचा आणि ऊस तोडून मोकळ्या झालेल्या शेतात उडवायचा. खेळण्यातली नव्हे हं, चांगली लांबरुंद पंखांची! मला बघून 'बस' म्हणायचं सोडून म्हणाला, "अक्का, तुन्हा घरमा जुना कार्डलेस फोन शे का?"

"का रे, कोणले फोन करना शे?"

"फोन नहीं वं, त्यामाना सेल जोयजेत."

आतून त्याची बायको, आमची सुमन, ओरडली, "आते फक्त मन्हा मिक्सर खोलाना बाकी शे!"

काय करणार... रिमोट फार जुना, त्याचं सामान आता कोणी बनवत नाही. बापू शहाद्याच्या भंगारातून मोडके फोन आणायचा, त्यातले सेल डाख देऊन जोडायचा आणि बॅटरी बांधायचा. मुंबईचा एक दुकानदार बॅटरी द्यायला तयार झाला, तर कुरिअरवाला म्हणे, बॅटरी विमानाने पाठवता येत नाही. बापू किती हसला! "विमाननी बॅटरी, अन तिलेच विमानमा बसू देत नहीं!" हसता हसता खोकला लागला त्याला. त्याच आठवड्यात निरोप आला, बापू झोपेतच गेला.

दहाव्याला प्रकाशा गावी, तापीच्या काठावर पिंड ठेवला. कावळे समोर बसलेले, पण एकही शिवेना. निलेशने, त्याच्या मुलाने, हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. सुमनने सांगितलं, मी रडणार नाही. ऊन चढलं, लोक चुळबुळायला लागले. मग मला राहवलं नाही. पुढे झाले आणि मोठ्याने बोलले, "बापू, तुन्हं विमान तुन्हाच रिमोटवर उडाडसूत!" झालं, कावळ्याने लगेच चोच मारली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा मात्र अडकला.

मला बाईला काय ठाऊक? मला वाटलं, बॅटरी मिळाली की झालं. निलेशने बापूसारखीच बॅटरी बांधली, रिमोटचा काटा वर गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या... पण विमान ढिम्म. निलेश म्हणाला, "आत्या, रिमोटमधला क्रिस्टल गेलाय." नखाएवढी वस्तू. एक रिमोटमध्ये, एक विमानात, दोघांचा नंबर जुळला तरच विमान रिमोटचं ऐकतं. त्या नंबराचा क्रिस्टल शहाद्यात नाही, नंदुरबारात नाही. सुरतेला गेले, तिथला म्हातारा दुकानदार भिंगातून बघून म्हणाला, "बेन, आ तो बहु जूनुं छे. नवुं लई जाओ." नवीन रिमोट घ्यायचा तर बापूने जोडलेल्या सगळ्या तारा विमानातून उपटाव्या लागतील. सुमन त्याला हात लावू देत नाही. आणि मी तर 'तुन्हाच रिमोटवर' म्हणून बसले आहे. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कुणाकडून घ्यायचा, सांगा बरं?

कोणी मोडका रिमोट दिला की निलेश त्यातला क्रिस्टल बसवून बघतो. मग सुमन विमान छातीशी धरून अंगणाच्या टोकाला जाते. बापू असंच तिला उभं करायचा, उडवायच्या आधी. मी इकडून रिमोटची दांडी सरकवते; विमानाने ऐकलं तर शेपटीची पट्टी हलायला हवी.

"हालनं का वं?"

ती शेपटीकडे बघत राहते... बघतच राहते.

"अजून नहीं, अक्का. आखो एकदाव कर."