वाऱ्याचा फोन

चारुदत्त बेहेरे हा नाकासमोर चालणारा माणूस होता, फक्त त्याचं नाक कायम आभाळाकडे असायचं. अबू धाबीच्या मराठी मंडळींत त्याला सगळे 'हवामान' म्हणत. गणपतीची आरती संपली की कोणीतरी हमखास विचारायचं, काय हवामान, शुक्रवारी सहलीला जावं की नको? तो प्रसादाचा हात पुसत सांगायचा, की मी हवा सांगत नाही, मी हवा लिहितो. लोक हसायचे. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, त्याची नोकरीच ती होती.

मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीच्या पूर्वेला, मोठे लोखंडी सांगाडे जोडणाऱ्या यार्डांपासून चारेक किलोमीटरवर, एका खासगी कंपनीची छोटी वेधशाळा होती. वेधशाळा म्हणजे काय, तर एसीची एक खोली, तारेच्या कुंपणात उभी केलेली यंत्रं आणि टेबलावर एक लाल फोन. दर तासाला बाहेर जायचं, पारा वाचायचा, वारा बघायचा, पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात डोकावायचं (त्यात वर्षातले साडेतीनशे दिवस वाळूच सापडायची) आणि आत येऊन वहीत शाईने लिहायचं. हवेच्या प्रत्येक तऱ्हेला दोन आकड्यांची खूण होती. वावटळीला शून्य-आठ. ढगातून लोंबणाऱ्या सोंडेला एकोणीस. खाडाखोड वर्ज्य. चुकलंच तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर ते लिहायचं आणि सही ठोकायची. अकरा वर्षांत त्याच्यावर ती रेघ मारायची पाळी आली नव्हती. या गोष्टीचा त्याला गर्व होता आणि तो त्याने लपवलाही नव्हता.

लाल फोन यार्डांसाठी, त्यावर प्रत्येक यार्डाच्या लाइनला वेगळा दिवा. वारा उठणार असं दिसलं की त्याने फोन करायचा, मग तिकडे क्रेन थांबायच्या आणि माणसं मागच्या पक्क्या शेडमध्ये जायची. प्रत्येक यार्डात फोन घ्यायला एक माणूस ठरलेला असे. ही माणसं चारुदत्तने कधी पाहिली नव्हती, नुसते आवाज ओळखीचे. एकजण नेहमी म्हणायचा, "होय साहेब, घेतलंय लिवन." त्या कोकणी सुराने चारुदत्तला बरं वाटायचं.

पंच्याण्णव साली त्याने समुद्रावर एक सोंड पाहिली. नियमाप्रमाणे एकोणीस लिहिलं, नियमाप्रमाणे सगळ्या यार्डांना फोन केले. अर्धा दिवस काम बंद राहिलं आणि सोंड पाण्यातल्या पाण्यात विरघळून गेली. मॅनेजर शौकतभाईंनी त्याला बोलावून घेतलं. "चारुभाई, आप हवा लिखो, डर मत लिखो," एवढंच म्हणाले, पण हातात ताकीदपत्र ठेवलं आणि व्हिसाचे कागद महिनाभर अडकवून ठेवले. त्या महिन्यात त्याची बायको शोभना रात्र रात्र जागी असायची. मुलगी ईशानी शाळेत नुकती रुळली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याचं झालं.

सत्त्याण्णवच्या मार्चमधली ती दुपार. सकाळपासून हवा दमट होती, अंगाला चिकटत होती. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग आला आणि मुसफ्फाच्या डोक्यावर येऊन थांबला. थांबला हा शब्द चारुदत्तला नंतरही सोडवेना, कारण ढग असे थांबत नाहीत. जमिनीवरचा वारा पूर्वेचा होता, वेधशाळेकडून यार्डांकडे वाहणारा. वर मात्र ढगाचे तुकडे पश्चिमेकडून पूर्वेला धावत होते. खालचा वारा एकीकडे, वरचा दुसरीकडे, आणि मध्ये गरम ओली हवा वर चढायला धडपडत होती. असं झालं की हवेला पीळ पडतो, हे पुण्याला शिकताना त्याने पाठ केलं होतं. कुंपणापाशी रोज येणारं मांजर त्या दिवशी आलं नव्हतं. कुठे पाखरू नव्हतं. वाऱ्याचा पंखा फिरत होता, पण त्याची नेहमीची कुरकूर ऐकू येत नव्हती.

तीन चौतीसला ढगाचा तळ फिरू लागला. जात्यावर कोणी हात ठेवावा तसा, आधी सावकाश. मग मधोमध एक काळं टोक खाली उतरलं.

वावटळी त्याने हजारो पाहिल्या होत्या. भर उन्हात जमीन तापते, तापलेली हवा वर सुटते, फिरता फिरता धूळ उचलते आणि दमून पडते. वावटळ जमिनीची असते, तिला ढग लागत नाही. हे ढगाचं होतं. वरून खाली येत होतं, घाई न करता, पत्ता शोधत आल्यासारखं इकडेतिकडे झुकत. त्याला साधी भीती वाटली. त्याने फोनकडे पाहिलं. फोन करावा आणि पुन्हा काही झालंच नाही, तर? मे महिन्यात व्हिसा संपत होता. तो खिडकीशी उभा राहून घड्याळ बघत राहिला.

तीन चाळीसला लाल फोन वाजला. त्याने उचलला नाही. उचलून सांगायचं काय? सहा घंटा झाल्या आणि फोन गप्प झाला. तीन एक्केचाळीसला खालून धूळ उठली, टोक तिला मिळालं, आणि यार्डांपैकी कुठूनतरी पत्र्यासारखं काही वर जाताना दिसलं. पत्रा वर गेला तो खाली आलाच नाही. आवाज काहीही नव्हता. थोड्या वेळाने काहीच नव्हतं, नुसती तिरपी पावसाची सर होती.

चारुदत्तने वही ओढली आणि लिहिलं, शून्य-आठ. वावटळ.

चार वाजता तो नेहमीप्रमाणे बाहेर गेला. नरसाळ्यात पाण्याचे दोन थेंब होते आणि एक कार्ड होतं. कामगारांच्या कॅम्पमधल्या खानावळीचं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, वरच्या भोकाशी फाटलेलं. आसपास चारेक किलोमीटर माणूस राहत नव्हता. कार्डावर एका माणसाचा फोटो होता आणि खाली नाव, भिकाजी. फोटोतला माणूस सरळ त्याच्याकडे बघत होता. चारुदत्तने कार्ड शर्टाच्या खिशात घातलं आणि वहीत पावसापुढे 'नाममात्र' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. एका यार्डातली पोर्टा केबिन, म्हणजे हलवता येणारी पत्र्याची खोली, उचलली गेली आणि उलटी पडली, आत भिकाजी नावाचा खलाशी, क्रेनला ओझी बांधणारा कामगार होता, तो गेला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी खलाशांचा मुकादम दगडू याला धरलं. त्याने केबिन नीट बांधली नव्हती, असं यार्डाच्या कंपनीचं म्हणणं. पुरावा म्हणून वेधशाळेच्या वहीची नक्कल जोडलेली. वहीत साधी वावटळ होती, आणि साध्या वावटळीने साखळ्यांनी बांधलेली केबिन उडत नाही. म्हणजे साखळ्या नव्हत्याच. दोन आकड्यांनी दगडू तुरुंगात चालला होता.

आणि त्याच आठवड्यात फोन सुरू झाला. रोज दुपारी चारला वीस मिनिटं कमी असताना लाल फोन एकदाच टिंग करायचा. दिवा लागायचा तो भिकाजीच्या यार्डाच्या लाइनचा. तिकडचं टोक तर केबिनखाली चिरडलं होतं. चारुदत्तने एकदा उचलून कानाला लावला. आत कोणीतरी फुंकर घालत राहावी तसा आवाज होता, मध्येच थांबणारा, जणू ऐकणारा. फोनवाला आला, त्याने डबा उघडला, वाळू झटकली, वायरमध्ये ओल आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी चारला वीस कमी असताना, टिंग.

तो घरी कार्ड खिशातच ठेवी. धुवायच्या कपड्यांत ते ईशानीला सापडलं. ती फोटो उजेडात धरून म्हणाली, "बाबा, हू इज धिस अंकल? ही लुक्स लाइक ही इज वेटिंग फॉर समवन." शोभनाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कार्ड मुलीच्या हातातून काढून घेतलं. मग ते तिने नवऱ्याच्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवलं.

मग एका दुपारी वेधशाळेच्या दारात नागेश उभा राहिला. दगडूच्या खोलीतला, त्याच्याच गावचा. पोलीस पुन्हा पुन्हा वहीच दाखवतात, म्हणून तो वही लिहिणाऱ्यालाच भेटायला आला होता. बसायला सांगितलं तरी बसेना. चारी साखळ्या लावलेल्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या, आणि काँक्रीटचे ठोकळे साखळ्यांसकट उपटून गेलेलेही. भिकाजीच्या गळ्यात कार्डाची फीत तशीच होती, कार्ड तेवढं गेलं, कुठेच मिळालं नाही. शेवटी तो म्हणाला, "साहेब, ता जमनीतसून उठाक नाय. ता वरसून खाली इला. माझ्या डोळ्यांनी बघलंय."

"मी जे पाहिलं ते लिहिलंय," चारुदत्त म्हणाला.

नागेश गेला. जाताना कुंपणाचं फाटक त्याने हळूच लावून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं लावावं तसं. चारला वीस कमी होती. टिंग झालं. चारुदत्तने वही उघडली, मार्चचं ते पान काढलं आणि शून्य-आठवर रेघ मारली. वर एकोणीस लिहिलं. समासात लिहिलं: सोंड दिसली तीन चौतीस, जमिनीला टेकली तीन एक्केचाळीस. सही केली. रेघ जरा वाकडी आली, आणि एवढं सगळं होऊन त्या वाकड्या रेघेचंही त्याला वाईट वाटलं. माणसाचा स्वभाव कुठे जातो?

ती वही घेऊन तो दगडूच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला, तेव्हा कोर्टात विचारलं गेलं, की आज बदललेल्या आकड्यावर आम्ही विश्वास का ठेवायचा? प्रश्न रास्त होता. चारुदत्तने कार्ड टेबलावर ठेवलं. दुभाष्यामार्फत त्याने सांगितलं, की त्या दिवशी जमिनीवरचा वारा वेधशाळेकडून यार्डाकडे वाहत होता, ते आकडे वहीत आहेत आणि त्यांना कोणी हात लावलेला नाही. वावटळ खालच्या वाऱ्याबरोबर जाते, ती हे कार्ड वाऱ्याच्या उलट, चार किलोमीटर माझ्याकडे आणू शकत नाही. पश्चिमेचा वारा होता फक्त वर, ढगाच्या उंचीला. हे कार्ड तिथपर्यंत गेलं आणि तिथून पडलं. न्यायाधीशांनी कार्ड उचलून बराच वेळ पाहिलं. एका अर्थी भिकाजीनेच आपल्या मुकादमाच्या बाजूने साक्ष दिली होती, आणि ती साक्ष महिनाभर चारुदत्तच्या खिशात पडून होती.

दगडू सुटला. चारुदत्तची नोकरी गेली. वहीत खोटं लिहिलं, हे शौकतभाईंचं कारण अगदी खरं होतं. "खलास, चारुभाई," ते म्हणाले, आणि या खेपेला त्यांच्या आवाजात राग नव्हता.

खलिफा सिटीतल्या भाड्याच्या घरात खोकी बांधून झाली होती तेव्हा दगडू भेटायला आला. पन्नाशीचा, रुंद हातांचा माणूस. तो पायाला हात लावायला वाकला, चारुदत्तने त्याला धरून वर उठवलं. शोभनाने चहा दिला. दगडूने बशीत थोडा चहा ओतला आणि तो बशीकडे बघतच बोलू लागला. तुरुंगात झोप लागायची नाही, म्हणाला, कारण गुन्हेगार तोच होता. आभाळ काळं झालं तसं त्याने बाकीच्यांना शेडमध्ये घातलं आणि भिकाजीला केबिनमध्ये धाडलं. वेधशाळेचा फोन येईल, घे म्हणून. यार्डात तसा नियमच होता. फोन येईना, तेव्हा भिकाजीने दारातून ओरडून विचारलं, मीच लावू काय? लाव, असं दगडूने सांगितलं.

चारुदत्तच्या कानात तो सूर वाजला. होय साहेब, घेतलंय लिवन.

दगडूने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, ती स्वतःसाठी होती की समोरच्यासाठी, हे कळत नव्हतं. "पण साहेब, तुमका वेळच गावलो नसतलो, होय ना? इतक्या झटक्यात इला ता. फोन करूक वेळच नव्हतो."

शोभना स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. नुसतं होय म्हटलं असतं तरी तिघंही सुटली असती.

"वेळ होता," चारुदत्त म्हणाला. "सात मिनिटं होती. आणि त्याचा फोन वाजला, तो मी उचलला नाही."

दगडूने बशी कपाखाली ठेवली. चहा तसाच राहिला. तो उठला, दाराशी चपला शोधायला त्याला जरा वेळ लागला, आणि तो गेला.

चारुदत्त पुण्याला येऊन आता पाच वर्षं झाली. सोसायटीतले लोक त्याला हसतात. चुकीचा नंबर असो, बँकवाली असो, त्याच्या घरी फोनची पहिली घंटा पुरी होत नाही. बेहेरे आंघोळीतून ओला धावत येतो, म्हणतात. शोभना हसत नाही. दुपारी चारला वीस मिनिटं कमी असताना तो फोनशेजारी खुर्ची ओढून बसतो, तेव्हा ती टीव्हीचा आवाज बारीक करते.