कुंकू लागलेले पॉइंट

आधीच सांगतो, मी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे. फोटो काढल्याशिवाय माझा स्वतःच्या कामावरही विश्वास बसत नाही, तिथे भुताखेतांचं काय घेऊन बसलात... तरी हे लिहितोय, कारण आत्ता सासूबाई समोर बसून निवांत शेंगा सोलतायत.

मी मूळचा कराडचा, बायको चेन्नईची, तंजावरी मराठी घरातली. तिच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, जुनी फियाट होती. इंजिनात ठिणगी पाडायला जुन्या पद्धतीचे पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटर नावाच्या डबीत बसवलेले, उघडमीट होणारे दोन छोटे धातूचे तुकडे. दर महिन्याला अप्पा डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंटच्या फटीतून लग्नपत्रिकेची पट्टी फिरवायचे. तेवढ्याने ते साफ व्हायचे. मी चिडवायचो, "अप्पा, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवा, कटकटच नको."

"तुमचं किट वाटेत बिघडलं तर काय करणार? हे पत्रिकेनं नीट होतंय." पत्रिकांचा गठ्ठा गाडीच्या खणातच असायचा. त्यात आमच्या लग्नाचीही होती.

अप्पा गेले, सासूबाई आणि गाडी चेन्नईतच आमच्याकडे वेलचेरीला आल्या आणि मी हौसेने किट बसवून घेतलं. मेकॅनिकचं नाव सेल्वम. पॉइंट काढतानाचे, किट बसवल्याचे, सगळे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. चार महिने गाडी बिनतक्रार चालली.

मग आयुधपूजा आली. इकडे त्या दिवशी घरातली अवजारं, वाहनं, सगळ्यांची पूजा होते. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांचं सामान अस्कं पूजेंत ठेवायचं. बेगि आणा." अस्कं म्हणजे सगळं आणि बेगि म्हणजे लवकर, हे मला लग्नानंतर कळलं होतं. पाने, स्क्रूड्रायव्हर, जुने पॉइंट... सगळं आणून मांडलं. त्यांनी पॉइंटवर चांगलं दोन बोटं कुंकू लावलं.

"आई, फटीत कुंकू गेलं तर ठिणगी पडायची नाही."

"आता कुठं गाडीत घालायचेत ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरवली आणि पॉइंट मीच स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवले, कुलूप लावलं. मग आम्ही तिघं चेन्नईजवळच्या कोवलमला बायकोच्या मावशींकडे जेवायला गेलो. गाडी झकास गेली.

जेवण झालं आणि सासूबाईंना दरदरून घाम फुटला. डावा हात जड पडतोय म्हणाल्या. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता, सुट्टीमुळे कॅब मिळेना. मी चावी फिरवली... इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली, तेच. किट गेलं असणार. आणि किट रस्त्यावर दुरुस्त होत नाही. अप्पांनी दहादा सांगितलं होतं आणि मी दहादा हसलो होतो. बायको मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काहीतरी करायचं म्हणून मी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं.

आत पॉइंट होते — कुंकू लागलेले.

विचार करायला वेळच नव्हता. खणात हात घातला, आमचीच पत्रिका निघाली. पट्टी फाडली, फटीतून दोनदा फिरवली. पट्टी लाल झाली. झाकण लावलं आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन कपाटातला डबा उघडला. आत किट होतं, अप्पांच्या जुन्या पंच्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेलं. सेल्वमला बोलावलं. त्याने फोनमधले फोटो पाहिले, मग डिस्ट्रिब्युटर पाहिला. "सार, किट मीच बसवलं होतं," एवढंच तमिळमध्ये म्हणाला आणि चहा न घेता गेला. कपाटाची आणि गाडीची, दोन्ही किल्ल्या कोवलमला गेलो त्या दिवशी माझ्याच खिशात होत्या. घरी, ऑफिसात सगळ्यांना विचारून झालं. अप्पा, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, एवढंच कळतं.

पॉइंट मी गाडीतच राहू दिलेत. महिन्यातून एकदा पट्टी फिरवतो, कटकट वाटत नाही. यंदाच्या आयुधपूजेला सासूबाईंनी पाने, स्क्रूड्रायव्हर मांडले आणि शेजारी ते किट ठेवलं. मी म्हटलं, "आई, हे अप्पांचं नाही, मी विकत आणलेलं."

त्यांनी किटला कुंकू लावलं. म्हणाल्या, "ह्यांचा हात लागलाय की त्याला."