द्वारकाबाईंचा गाऊन आणि अप्पांची बंडी

लग्नात द्वारकाबाईंच्या अंगाला साडी लागली, ती पुढं कधी सुटलीच नाही. पाचोडला सासरी होत्या तेव्हा डोक्यावरचा पदरही ढळत नव्हता. मग नवऱ्याला, बद्रीनाथांना, चिकलठाण्याच्या कंपनीत नोकरी लागली, बिऱ्हाड गारखेड्यात आलं आणि पदर डोक्यावरून खांद्यावर उतरला. शहराची हवा लागली ती तेवढीच. बाकी सकाळी नेसलेली सहावारी दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीलाच सुटायची. झोपतानाही तीच. शेजारणी विचारायच्या, "काकू, तुम्हाला गरम होत नाही का हो?" द्वारकाबाई हसून म्हणायच्या, "होतं की. उन्हाळ्यात नाय व्हायचं तर कधी व्हायचं?"

यंदा मात्र ऊन एप्रिलातच मी म्हणायला लागलं. त्यात फ्लॅट सगळ्यात वरचा, डोक्यावर तापलेली गच्ची. दुपारच्या भाकरी थापायला उभं राहिलं की तवा जास्त तापलाय का भिंत, हे कळायचं नाही. कंबरेला परकराची नाडी आवळायची तिथं घामोळ्यांचा लालभडक पट्टा उठला होता. एक दिवस शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. कट्ट्याला धरून त्या खालीच बसल्या. नशिबानं सुट्टीचा दिवस होता, सून प्रेरणा घरात होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मीठ-साखरेचं पाणी सांगितलं आणि कंबर बघून म्हणाल्या, "मावशी, मलम देते. पण आधी ही नाडी सोडा. उन्हाळाभर सुती आणि ढगळ काहीतरी घाला."

प्रेरणा त्याच संध्याकाळी गुलमंडीवर गेली आणि बारीक फुलांचे दोन गाऊन घेऊन आली. द्वारकाबाई एक घेऊन बाथरूममध्ये शिरल्या, त्या लवकर बाहेरच येईनात.

"आई, झालं का?"

"झालं गं. पण काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटू लागलंय."

अखेर आल्या. चोरट्यासारख्या भिंतीच्या कडेकडेनं चालत कूलरपुढं जाऊन उभ्या राहिल्या, आणि गाऊनमध्ये वारा शिरला. घोट्यापासून गळ्यापर्यंत, एका दमात. द्वारकाबाईंनी डोळे मिटले. "एवढं सोपं होतं व्हय हे?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

दिवाणावर बद्रीनाथ पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, बंडी छातीपर्यंत गुंडाळून, पोटाला वारा देत पडले होते. ते दचकून उठून बसले. "अगं, हे काय घातलंस? कुणी आलं म्हंजे?"

"कुणी आलं म्हंजे तुम्ही काय करता?"

"मी कशाला काय करू? मी बसलोय की."

"मग मी बी बसते," असं म्हणून त्या खरंच शेजारी बसल्या.

पंधरवड्यात घामोळ्या गेल्या. भूक लागायला लागली. द्वारकाबाई भाकरी थापताना गुणगुणायलाही लागल्या. गाऊनला खिसा होता, त्याचं तर त्यांना लई अप्रूप. किल्ली खिशात, रुमाल खिशात, कधी दोन लवंगा. सोसायटीत नळाला पाणी कधीतरीच यायचं, त्यामुळं टँकर मागवावा लागे. टँकरचा हॉर्न वाजला की पाइप धरायला, कळशी लावायला सगळ्या बायका असतील तशा खाली पळायच्या. बऱ्याच जणी गाऊनवरच, वरून ओढणी टाकून. द्वारकाबाईही जाऊ लागल्या. पहिल्यांदा ओढणी घेतली, पुढं ती घ्यायची विसरू लागल्या.

आणि एका सकाळी पार्किंगच्या भिंतीवर पाटी लागली. 'सोसायटीतील महिलांनी गाऊन घालून जिना, पार्किंग व गेटजवळ येऊ नये. सोसायटीची शोभा राखावी.' खाली चेअरमन कडुबाअप्पांची सही.

ती वाचून द्वारकाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सोसायटीत सगळ्यात नवा गाऊन त्यांचाच, म्हणजे पाटी आपल्यासाठीच, अशी त्यांची समजूत झाली. वर येऊन त्यांनी गाऊन घडी घालून कपाटात ठेवला आणि साडी नेसल्या. नाडी पुन्हा जुन्या जागी बसली, घामोळ्याही परतल्या.

"आई, पाटीला काय घाबरता?" प्रेरणा चिडून म्हणाली.

"घाबरले नाय गं. लाज वाटली. या वयात लोकांनी कपड्यावरून बोलावं?"

दोन-तीन दिवसांनी त्या भाजी घेऊन येत होत्या. अंगावर साडी, घामानं पाठ भिजलेली. पाटीच्या बरोब्बर खाली कडुबाअप्पा बंडी आणि आखूड चड्डीवर आपल्या स्कूटरला पाणी मारत होते. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण आलं तर आधी धावणारा. द्वारकाबाईंना बघून त्यांनी मनापासून विचारलं, "या वहिनी! लई ऊन हाये, नाय का?" आणि बंडी वर ओढून तोंड पुसलं.

द्वारकाबाईंनी पाटीकडं पाहिलं. अप्पांच्या बेंबीकडं पाहिलं. परत पाटीकडं पाहिलं.

"व्हय अप्पा, लई ऊन," त्या म्हणाल्या आणि भराभरा जिना चढू लागल्या. पहिल्या मजल्यावर हसू फुटलं ते घरात शिरेपर्यंत थांबलं नाही. इतके दिवस मनात बसलेली लाज त्या हसण्यात कुठं वाहून गेली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. टँकरचं झालं, लिफ्टचं झालं. मग अप्पांनी विचारलं, "पाटीबद्दल कुणाला काही बोलायचंय?" बायकांत कुजबुज सुरू झाली. तळमजल्यावरच्या लीलाबाई म्हणाल्या, "पाटी बरोबरच आहे, आपणच जरा नीट राहावं." प्रेरणा तावातावानं उठणार, तेवढ्यात तिच्या हातावर हात ठेवून द्वारकाबाई उभ्या राहिल्या. उभ्या आयुष्यात त्या सभेत बोलल्या नव्हत्या.

"अप्पा, पाटी चांगली हाये. शोभा राखायलाच पायजे. फक्त 'महिलांनी' लिहिलंय तिथं 'सर्वांनी' करा. अन् गाऊनसंगं बंडी-चड्डी बी लिहा. म्हंजे शोभा पुरी व्हईल."

समोर बसलेल्या पुरुषांपैकी निम्मे बंडीवर होते. अप्पांनी आपले उघडे पाय हळूच खुर्चीखाली ओढले.

"पुरुषांचं वेगळं असतं, वहिनी."

"काय वेगळं असतं, अप्पा? ऊन?"

लीलाबाईच आधी हसल्या. मग बायकांचे हात वर झाले. पुरुषांमधून पहिला हात वर गेला तो बद्रीनाथांचा. बायको चारचौघांत बोलली याचंच त्यांना इतकं कौतुक वाटलं होतं, की आपण कशाला हात वर करतोय हे त्यांच्या ध्यानात यायला अंमळ उशीर झाला. अप्पांनीही मान डोलावली. पाळणार कोण, असा त्यांचा हिशेब असावा.

पण बायकांनी हा नियम पाळायला लावला, तोही अगदी गोडीत. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ बंडीवर पेपर आणायला निघाले, तर दारातून आवाज आला, "अहो, शर्ट."

"गेटपर्यंत तर जातोय."

"पाटी गेटचीच हाये."

जिन्यात, गच्चीवर, गाड्यांपाशी तेच. "भाऊ, शर्ट राहिला." "काका, पँट." कुणी भांडत नव्हतं, कुणी आवाज चढवत नव्हतं. आठवडाभरात सोसायटीतले सगळे पुरुष लग्नाला निघाल्यासारखे दिसू लागले.

मग भर दुपारी टँकर आला. अप्पा बंडीवर खाली धावले, पाइप उचलला, आणि समोर सगळ्या बायका साड्या-ड्रेसमध्ये घाम गाळत उभ्या. अप्पांनी पाइप खाली ठेवला, वर गेले आणि शर्ट-पँट घालून आले. गडबडीत शर्टाची बटणं वरखाली लागली होती. टाकी भरेस्तोवर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला आणि चेहरा टोमॅटोसारखा झाला. द्वारकाबाईंनीच त्यांना सावलीत बसवून ताक दिलं.

"लई जीव घाबरा होतो वहिनी यात," ते पुटपुटले.

"होतो ना," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच दया आली होती.

त्या संध्याकाळी बद्रीनाथ अंगातला शर्ट काढून दोरीवर टाकायला गेले. द्वारकाबाईंची धुतलेली साडी, परकर, ब्लाऊज पिळून बादलीत पडलं होतं. तेही वाळत घालावं म्हणून त्यांनी उचललं आणि हातात धरून तसेच उभे राहिले.

"एवढं सगळं घालून तू चुलीपुढं उभी राहायचीस?"

"मंग? कोण राहायचं?"

साडी बद्रीनाथांना नीट झटकता येईना, तरी त्यांनी एकट्यानं ती वाळत घातली. वेडीवाकडी. द्वारकाबाईंनी ती सरळ केली नाही.

दोन दिवसांनी पाटीच्या जागी नवा कागद दिसला. 'उन्हाळा संपेपर्यंत वरील नियम स्थगित.' वरील नियम मात्र कुठं नव्हताच, अप्पांनी तो आधीच काढून टाकला होता. सकाळी ते बंडीवर स्कूटर पुसत होते आणि द्वारकाबाई गाऊनवर दूध आणायला चालल्या होत्या. दोघांनी एकमेकांना रामराम घातला.

मे संपता संपता द्वारकाबाई पाचोडला गेल्या. पिशवीत दुसरा गाऊन टाकला होता, पण काढायचं धाडस नव्हतं. तिथं थोरल्या जाऊबाई, मनकर्णाबाई. सत्तरी उलटलेल्या, अजून नऊवारीत, डोक्यावर घट्ट पदर. रात्री जेवणं झाल्यावर द्वारकाबाईंनी आत जाऊन गाऊन घातला आणि हळूच खाटेवर येऊन बसल्या. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मान खाली.

मनकर्णाबाईंनी जवळ येऊन कापड बोटांत चुरगळून पाहिलं. खिशात हात घालून पाहिला. अंगणात पुरुष माणूस नाही ना, हे एकदा वळून बघितलं.

"द्वारके," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ह्यो मला बसंल का गं?"